‘फेडरलिस्ट’ पहिल्या लेखापासून वाचू नका

नमस्कार,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. तुम्ही अभियंता आहात, राज्यशास्त्र शिकलेला नाहीत. आपल्या राज्यघटनेबद्दल वाचताना ‘द फेडरलिस्ट’चं, म्हणजे अमेरिकेची नवी राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून लिहिलेल्या लेखसंग्रहाचं, नाव पुन्हा पुन्हा समोर आलं, म्हणून पुस्तक घेतलंत, पहिल्या लेखापासून नेटाने सुरुवात केलीत आणि नवव्याशी येऊन थांबलात. आता विचारताय की पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी लेख वाचायलाच हवेत का, कुठल्या क्रमाने वाचावेत, इंग्रजी इतकं जड का जातं आणि १७८७-८८ साली न्यूयॉर्कच्या मतदारांसाठी लिहिलेल्या या मजकुरातून आपल्या हाती नेमकं काय लागणार.

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना आणि निवृत्तीनंतर चालवत असलेल्या एका लहानशा वाचनगटात हे लेख मी बऱ्याच जणांबरोबर वाचले आहेत. तुम्ही जिथे थांबलात तिथेच बहुतेक जण थांबतात आणि दोष इंग्रजीला देतात. अठराव्या शतकातली लांबलचक वाक्यं त्रास देतात हे खरंच. पण सहाव्या-सातव्या लेखात वाचक पेंगतो त्याचं कारण वेगळं आहे. हे लेख म्हणजे एका भांडणातली एकच बाजू आहे. एका पक्षाचा वकील तावातावाने बोलतोय आणि समोरचा काय म्हणाला होता ते पुस्तकात कुठेच छापलेलं नाही. मुख्य लेखक हॅमिल्टन एवढा का चिडलाय हे कळल्याशिवाय त्याचा युक्तिवाद रटाळच वाटणार. त्यात सुरुवातीचे लेख तेरा राज्यं फुटली तर परदेशी सत्ता कशा टपून बसतील, राज्याराज्यांत युद्धं कशी पेटतील, याबद्दल आहेत. ती फुटली नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे त्या भीतीची धार आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

किती वाचायचं हे कशासाठी वाचताय यावर ठरतं. स्पर्धा परीक्षेपुरतं हवं असेल तर १०, ५१ आणि ७८ या तीन लेखांतला मुद्दा नीट समजला की भागतं, उगाच जास्त वेळ घालवू नका. वकिली करणाऱ्याने ४७ ते ५१ आणि न्यायमंडळावरचे ७८ ते ८३ सोडू नयेत. केंद्र-राज्य संबंधांत रस असेल तर १५ ते १७, ३९, ४५ आणि ४६. तुमचा प्रश्न वाचून मात्र वाटलं की तुम्हाला आणखी मुळातलं काही हवंय. नवं सरकार कागदावर उभं करताना माणसं एकमेकांना कसं पटवतात, कशाला घाबरतात, कुठे तडजोड करतात, ते. पुढचं सगळं तेवढं गृहीत धरून लिहिते.

पुस्तक उघडण्याआधी दोन छोटे दस्तऐवज वाचा. एक, ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, म्हणजे १७८१ पासून अमलात असलेली जुनी व्यवस्था. दुसरी, अमेरिकेची मूळ राज्यघटना, नंतरच्या दुरुस्त्या सोडून. ती सात कलमांची आहे, साडेचार हजार शब्दांच्या आसपास. दोन्ही मिळून एका संध्याकाळचं काम आहे. आपल्या घटनेची सवय असलेल्याला ती फारच त्रोटक वाटते, आणि तिच्यावरून एवढा वाद का झाला याचं निम्मं उत्तर त्या त्रोटकपणातच आहे. जे लिहिलेलं नाही त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या भीतीप्रमाणे लावला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक राज्याला एक मत होतं. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या केंद्रीय विधिमंडळाला, राज्यांकडे पैसे मागता येत, लोकांकडून कर वसूल करता येत नसे, आणि ही व्यवस्था बदलायची तर तेराही राज्यांची संमती लागे. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर होतं. आयात मालावर पाच टक्के जकात बसवायचा पहिला प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला, दुसरा न्यूयॉर्कने. न्यूयॉर्कची गोष्ट लक्षात ठेवा. त्या राज्याकडे मोठं बंदर होतं, तिथली जकात थेट राज्याच्या तिजोरीत जाई आणि शेजारच्या कनेक्टिकट-न्यू जर्सीचे लोक न्यूयॉर्कमार्गे येणारा माल घेताना तीच जकात खिशातून भरत. गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन आणि त्यांच्या लोकांना ही व्यवस्था सोडायची नव्हती. सातव्या लेखात हॅमिल्टन याच तक्रारीला हात घालतो. तो लेख तुम्ही वाचून गेला असाल, पण बंदराचा पैसा कुणाच्या खिशात जात होता हे ठाऊक असेल तर पुन्हा वाचून बघा, वेगळाच वाटेल.

१७८६ च्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव झाला, डॅनियल शेज याच्या नावाने तो ओळखला जातो. पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियात अधिवेशन भरलं. एकूण ५५ प्रतिनिधी कधी ना कधी हजर राहिले आणि १७ सप्टेंबर १७८७ ला ३९ जणांनी नव्या घटनेच्या मसुद्यावर सह्या केल्या. न्यूयॉर्कच्या तिघांपैकी येट्स आणि लान्सिंग जुलैतच उठून निघून गेले होते, सही एकट्या हॅमिल्टनची. नऊ राज्यांनी मान्यता दिली की त्या नऊंपुरती घटना लागू होणार होती. प्रश्न होता न्यूयॉर्कचा. २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात ‘पब्लियस’ या टोपणनावाने पहिला लेख आला. नाव रोमन प्रजासत्ताकाच्या पायाभरणीत हात असलेल्या पब्लियस व्हॅलेरियसवरून घेतलं होतं. लिहिणारे तिघे. अलेक्झांडर हॅमिल्टनचे ५१ लेख, जेम्स मॅडिसनचे २९ आणि जॉन जे यांचे पाच, कारण ते सुरुवातीलाच आजारी पडले. (यातल्या बारा लेखांचं कर्तृत्व कोणाचं यावर पुढे दीडशे वर्षं वाद चालला. आता ते मॅडिसनचे मानले जातात.) मॅडिसन होता व्हर्जिनियाचा. परराज्यातला माणूस टोपणनावाआडून न्यूयॉर्ककरांना त्यांचं हित समजावून सांगत होता, याची मला दर वेळी गंमत वाटते.

आता क्रमाकडे वळू. सुरुवात पंधराव्या लेखापासून करा.

पंधराव्यात हॅमिल्टन दुखण्याचं निदान करतो, आणि ते एका वाक्यात सांगता येतं. जुन्या व्यवस्थेत केंद्र राज्यांना हुकूम सोडतं, नागरिकाला नाही. कायदा म्हटला की तो मोडणाऱ्याला शिक्षा हवी, नाहीतर तो नुसता सल्ला. माणसाने कायदा मोडला तर न्यायाधीश आणि शिपाई पुरेसे असतात. आख्ख्या राज्याने मोडला तर त्याच्यावर सैन्यच पाठवावं लागतं. म्हणजे राज्यांना हुकूम देणाऱ्या केंद्रापुढे दोनच वाटा उरतात, दुर्बळ राहणं किंवा युद्ध करणं. यातून बाहेर पडायचं तर केंद्राचा कायदा थेट व्यक्तीला लागू झाला पाहिजे. आपल्याला हे इतकं साधं वाटतं की यात मोठं काय असा प्रश्न पडतो. केंद्राचा आयकर आपण राज्याला मध्ये न घालता भरतो. पण त्या काळी संघ म्हणजे राज्यांमधला तह अशीच समजूत होती, आणि केंद्राचा माणूस आपल्या दारात येणार ही कल्पनाच अनेकांना भीतिदायक वाटत होती. हा लेख समजला की उरलेल्या चौऱ्याऐंशींना खुंटी मिळते. पुढचे १६ आणि १७ त्याच ओघात होतात. १८ ते २० मध्ये ग्रीक संघ, जर्मन साम्राज्य, नेदरलंड्स यांचे दाखले आहेत, ते खुशाल ओलांडा.

दहाव्याकडे जाण्याआधी एक काम करा. विरोधकांमध्ये ‘ब्रूटस’ नावाने लिहिणारा एक लेखक होता. त्याचा पहिला निबंध १८ ऑक्टोबर १७८७ चा, म्हणजे पब्लियसच्या आधी नऊ दिवसांचा. तो आधी वाचा. माझ्या मते विरोधकांमध्ये इतका थंड डोक्याचा दुसरा लेखक नाही. त्याचं म्हणणं असं: एवढ्या अफाट प्रदेशाचं एकच प्रजासत्ताक टिकल्याचं इतिहासात उदाहरण नाही, फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूनेही प्रजासत्ताकाला लहान प्रदेशच मानवतो असं म्हटलंय. लोकांचे स्वभाव, हितसंबंध, हवामान सगळंच निरनिराळं. मूठभर प्रतिनिधींना त्यांची माहिती असणार नाही, लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसणार नाही, मग कायदा चालवायला खडं सैन्य लागेल. शिवाय घटनेत काँग्रेसला ‘आवश्यक आणि योग्य’ ते सगळे कायदे करायची मुभा आहे, आणि केंद्राचा कायदा सर्वोच्च आहे. या दोन कलमांच्या जोरावर राज्यं हळूहळू गिळली जातील.

हे वाचून मग दहावा उघडा. मॅडिसन काय करतो बघा. तो ब्रूटसचाच मुद्दा उचलतो आणि उलटा करतो. माणसं गट करणारच, कारण त्यांची मतं, श्रद्धा आणि सगळ्यात जास्त त्यांची मालमत्ता सारखी नसते. गटबाजी मुळापासून उपटायची तर स्वातंत्र्य काढून घ्यावं लागेल किंवा सगळ्यांना एकाच साच्यात घालावं लागेल. पहिला उपाय रोगापेक्षा वाईट, दुसरा अशक्य. तेव्हा गट राहणार हे धरून चाला आणि त्यांचे परिणाम आटोक्यात कसे राहतील ते बघा. अल्पमतातला गट मतदानात हरतो. धोका असतो बहुमताच्या गटाचा, कारण तो कायद्याच्याच मार्गाने दुसऱ्याला लुबाडू शकतो. लहान राज्यात असं बहुमत चटकन जमतं. प्रदेश मोठा असला की हितसंबंध इतके वाढतात की कोणताही एक गट सगळीकडे बहुमतात येणं आणि आला तरी एकजुटीने वागणं कठीण होतं. ज्याला ब्रूटस रोग म्हणतो, तोच आकार मॅडिसनला औषध वाटतो.

युक्तिवाद म्हणून हा लेख विलक्षण आहे. गटातल्या प्रत्येकाला मी विचारते की यात कुठे शंका येते का, आणि बहुतेकांना ती आपसूक एकाच ठिकाणी येते. मॅडिसनचं गणित बहुमत फिरतं असेल तरच जुळतं. आज सावकार विरुद्ध ऋणको, उद्या व्यापारी विरुद्ध शेतकरी, परवा आणखी काही. बहुमत जन्मानेच ठरलेलं असेल तर? डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात नेमकं यावर बोट ठेवलं, मॅडिसनचं नाव न घेता. भारतातलं बहुमत राजकीय बहुमत नाही, ते जन्माने येतं, घडवलं जात नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देश कितीही मोठा असला तरी जात गावागावात असते, त्यामुळे प्रदेशाच्या विस्ताराचा उपाय इथे पुरा पडत नाही. म्हणूनच त्या निवेदनात मूलभूत हक्क आणि त्यांच्या अंमलबजावणीचे उपाय, अनुसूचित जातींसाठी संरक्षणं आणि अर्थव्यवस्थेचा आराखडाही घटनेतच घालायची मागणी आहे. दहावा लेख आणि हे निवेदन लागोपाठ वाचा. यातून आपल्याला काय मिळणार, या तुमच्या प्रश्नाचं माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं उत्तर हे आहे.

आणखी एक सांगायला हवं. दहाव्या लेखाला आज जे मखर आहे ते बरंच नंतरचं. १९१३ मध्ये चार्ल्स बिअर्ड या इतिहासकाराने घटनेमागे मालमत्तेचे हितसंबंध होते असं मांडताना या लेखावर भर दिला, तेव्हापासून त्याची चर्चा वाढत गेली.

तिथून ३९ वर या. नवी घटना पूर्ण राष्ट्रीय नाही आणि पूर्ण संघीयही नाही, दोन्हींचं मिश्रण आहे, हे मॅडिसन एकेक कसोटी लावून दाखवतो. पाया कुणाच्या संमतीचा, सत्तेचा उगम कुठे, अंमल कुणावर, व्याप्ती किती, दुरुस्ती कोण करणार. ही पाच प्रश्नांची पट्टी कुठल्याही संघराज्याला लावता येते. आपल्याला लावून बघा. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना आंबेडकर सांगतात की भारताचं संघराज्य घटक राज्यांच्या करारातून झालेलं नाही आणि म्हणून कुठल्याही राज्याला फुटून निघायचा अधिकार नाही. पहिल्याच कसोटीवर आपण अमेरिकेहून वेगळे पडतो.

५१ सगळ्यांना ऐकून माहीत असतो, माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती हे त्यातलं वाक्य फार मिरवलं जातं. तेवढ्यावर थांबू नका. ४७ आणि ४८ आधी वाचले तर ५१ चा खरा प्रश्न दिसतो. प्रत्येक खात्याची, म्हणजे विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांची, हद्द कागदावर आखून दिली की पुरेल का? मॅडिसनचं उत्तर, नाही. राज्यांच्या घटनांमध्ये अशा हद्दी लिहिलेल्या होत्या आणि विधिमंडळांनी त्या सर्रास ओलांडल्या. म्हणून प्रत्येक खात्यातल्या माणसाची महत्त्वाकांक्षाच दुसऱ्या खात्याला अडवील अशी रचना करायची. माणसाच्या चांगुलपणावर भिस्त न ठेवता सरकार चालवायचं हा विचार इथे उघडपणे मांडलेला आहे. लेखाच्या शेवटी तो पुन्हा दहाव्याच्या मुद्द्यावर येतो, तेही बघा.

७० मध्ये एकच राष्ट्राध्यक्ष का, मंडळ का नको, हे आहे. ओघवता आहे, पटकन होतो. ज्या माणसाने हा लेख लिहिला त्यानेच १८ जून १७८७ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष सद्वर्तन असेतो, म्हणजे जवळजवळ तहहयात, पदावर राहावा असं सुचवलं होतं. मॅडिसनला राज्यांच्या कायद्यांवर केंद्राचा नकाराधिकार हवा होता, तो अधिवेशनात फेटाळला गेला. म्हणजे ज्या मसुद्याची ही दोघं एवढी तरफदारी करतायत तो दोघांनाही पूर्ण मान्य नव्हता. पुढे १७९० च्या दशकात ते दोन विरुद्ध पक्षांत गेले. ‘घटनाकारांचं मत असं होतं’ असं म्हणत कुणी एखादा लेख तोंडावर मारला तर हे आठवा.

७८ वर मात्र थांबा, दोनदा वाचा. त्याआधी ब्रूटसचे न्यायमंडळावरचे निबंध वाचा, अकरावा ते पंधरावा. ते १७८८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये आले. ब्रूटस म्हणतो, हे सर्वोच्च न्यायालय घटनेचा अर्थ लावणार, तोही शब्दाबरोबर तिच्या आत्म्याला धरून. त्याच्यावर अपील नाही, न्यायाधीशांना काढता येणं जवळजवळ अशक्य, विधिमंडळाला त्याचा निर्णय फिरवता येणार नाही. मग या माणसांच्या वर कोण? आकाशाखाली त्यांच्यावर कुणाचीच सत्ता उरणार नाही, अशा अर्थाचं तो लिहितो. ७८ वा लेख वर्तमानपत्रात आधी आलाच नाही. शेवटचे आठ लेख २८ मे १७८८ ला निघालेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात पहिल्यांदा छापले गेले. म्हणजे हॅमिल्टनपुढे तोपर्यंत ब्रूटसची पूर्ण तक्रार होती.

तो उत्तर देतो की न्यायमंडळ सगळ्यात कमी धोक्याचं, कारण त्याच्या हातात तलवार नाही आणि तिजोरीही नाही, आहे तो फक्त निवाडा. घटनेविरुद्ध केलेला कायदा न्यायालयाने रद्द ठरवला तर न्यायालय विधिमंडळापेक्षा मोठं ठरत नाही. दोघांपेक्षा लोक मोठे आणि लोकांची इच्छा घटनेत लिहिलेली, न्यायाधीश फक्त ती पाळतो. अमेरिकेच्या घटनेत न्यायालयाला हा अधिकार स्पष्ट शब्दांत कुठेच दिलेला नाही. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात तो प्रत्यक्ष वापरला गेला. आपल्याकडे अनुच्छेद १३ मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे निरर्थक ठरतील असं लिहूनच ठेवलंय. पण १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत संरचनेचा सिद्धांत, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्ती करूनही बदलता येत नाही हा विचार, आला आणि संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही मर्यादा पडली. तो निकाल वाचताना ब्रूटस आठवल्याशिवाय राहत नाही. मी स्वतः त्या निकालाच्या बाजूची आहे, तरीही ब्रूटसच्या प्रश्नाला हॅमिल्टनने पुरतं उत्तर दिलंय असं मला वाटत नाही.

८४ वाचा कारण तिथे पब्लियस हरतो. घटनेत हक्कांची सनद नाही ही विरोधकांची सगळ्यात जोरदार तक्रार होती. हॅमिल्टन म्हणतो, सनदेची गरज नाही आणि ती धोक्याचीही आहे. जो अधिकार सरकारला दिलेलाच नाही तो वापरू नका असं लिहायचं कशाला? लिहिलं तर न लिहिलेल्या गोष्टींवर सरकारला अधिकार आहे असा अर्थ निघेल. तर्क चलाख आहे, लोकांना मात्र पटला नाही. मॅसॅच्युसेट्सने फेब्रुवारी १७८८ मध्ये दुरुस्त्यांची शिफारस जोडूनच मान्यता दिली, इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. शेवटी मॅडिसननेच ८ जून १७८९ ला काँग्रेसमध्ये दुरुस्त्या मांडल्या आणि त्यांतल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला लागू झाल्या. त्यांतली नववी दुरुस्ती मुद्दाम सांगते की काही हक्कांची नावं घेतली म्हणून लोकांचे इतर हक्क नाकारले जात नाहीत. हॅमिल्टनची भीती विरोधकांच्या विजयात अशी सामावून घेतलेली आहे.

म्हणजे पहिली फेरी अशी होते: दोन मूळ दस्तऐवज, मग १५, ब्रूटसचा पहिला, १०, ३९, ४७-४८-५१, ७०, ब्रूटसचे न्यायमंडळावरचे, ७८ आणि ८४. पहिला लेख यानंतर वाचा. माणसं विचार करून, निवड करून चांगलं सरकार उभारू शकतात की अपघात आणि बळजबरीवरच कायम अवलंबून राहणार, हा त्यातला प्रश्न मग पोकळ वाटत नाही.

या यादीत मी मुद्दाम न घातलेला एक लेख आहे, तो स्वतंत्र वेळ काढून वाचा. ५४ वा. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीन पंचमांश धरायची, या तरतुदीचं त्यात समर्थन आहे. लिहिणारा ते स्वतःच्या तोंडून करत नाही, दक्षिणेतल्या एका बांधवाच्या तोंडी घालतो. कायदा गुलामाला अंशतः माणूस आणि अंशतः मालमत्ता मानतो, म्हणून गणतीही तशीच, असा तो युक्तिवाद. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द नाही, ‘इतर व्यक्ती’ असा आडवळणाचा उल्लेख आहे. दुसऱ्या लेखात जॉन जे लिहितात की आपण सगळे एकाच पूर्वजांचे, एकच भाषा बोलणारे, एकच धर्म मानणारे लोक आहोत. ते वाचताना खोटं वाटलं नसेल तर ५४ नंतर पुन्हा वाचा. डच आणि जर्मन बोलणारे तर सोडाच, लाखो गुलाम त्या ‘आपण’मध्ये नव्हतेच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. त्या मुक्तीसाठी मध्ये यादवी युद्ध आणि घटनेत तेरावी दुरुस्ती व्हावी लागली. मराठी वाचकाने अमेरिकन घटनेचं कौतुक करताना ५४ वगळावा हे मला पटत नाही.

उरलेल्यांपैकी काय सोडावं? सैन्यावरचे २४ ते २९ आणि करांवरचे ३० ते ३६ यांत पुनरुक्ती भरपूर आहे. ती का, हेही समजून घ्या. काही आठवड्यांत चार-चार लेख निघत. एका लेखाचा आधीचा भाग छापखान्यात जुळत असताना पुढचा अजून लेखणीखालीच असे, असं मॅडिसनने नंतर लिहून ठेवलंय. तेव्हा एखादा मुद्दा तिसऱ्यांदा आला तर पान उलटा, काही बिघडत नाही. निवडणुकांवरचे ५९ ते ६१ सुद्धा पहिल्या फेरीत नकोत.

इंग्रजीबद्दल. लांब वाक्य आलं की आधी त्याचं मुख्य क्रियापद शोधा, मग कर्ता, मग मधली फाफटपसाऱ्याची उपवाक्यं एकेक करून जोडा. मोठ्याने वाचलं तर निम्मं काम होतं, कारण हा गद्य भाषणाच्या चालीवर बेतलेला आहे. प्रत्येक लेख संपला की समासात मराठीत एकच ओळ लिहा: समोरचा कशाला घाबरतोय आणि याने त्याला काय सांगितलं. ओळ लिहिता आली नाही तर लेख कळला नाही असं समजा आणि उत्तर ज्याला दिलंय त्याचा निबंध शोधा. ब्रूटसशिवाय ‘फेडरल फार्मर’, ‘केटो’, ‘सेंटिनेल’ असे बरेच जण आहेत आणि सगळेच इंटरनेटवर फुकट मिळतात. जुन्या आवृत्तीत लेखांचे क्रमांक थोडे मागेपुढे दिसले तर गोंधळू नका. वर्तमानपत्रातला एक लेख पुस्तकात दोनमध्ये फोडला गेला आणि एकाची जागा हलली, त्यामुळे ते झालंय. मी दिलेले क्रमांक आज सर्वत्र चालणारे आहेत.

या लेखांनी न्यूयॉर्क जिंकलं असं कुणी सांगितलं तर फारसं मनावर घेऊ नका. घटनेला मान्यता द्यायची का हे ठरवायला पकिप्सी गावी जून १७८८ मध्ये न्यूयॉर्कची परिषद भरली तेव्हा निवडून आलेल्यांत घटनेचे विरोधक ४६ आणि समर्थक १९ होते. मतदारांवर पब्लियसचा प्रभाव पडला असता तर हे आकडे असे दिसले नसते. परिषद चालू असतानाच न्यू हॅम्पशायर नववं राज्य ठरलं, चार दिवसांनी व्हर्जिनियानेही मान्यता दिली, आणि आता बाहेर राहायचं का एवढाच प्रश्न न्यूयॉर्कपुढे उरला. २६ जुलैला ३० विरुद्ध २७ मतांनी मान्यतेचा ठराव झाला.

आपल्याकडे ‘फेडरलिस्ट’सारखं पुस्तक का नाही, असं गटात नेहमी कुणीतरी विचारतं. आपली घटना राज्याराज्यांत नेऊन मंजूर करून घ्यावी लागली नाही, घटना समितीनेच ती २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली. त्यामुळे मतदारांना पटवणारी लेखमाला लिहायची वेळ आली नाही. आपल्याकडे आहेत ते घटना समितीतल्या वादविवादांचे खंड. मला ते वाचायला अधिक आवडतात, कारण हरलेली बाजूही त्याच पानावर सापडते. ४७ आणि ५१ वाचून झाले की त्या खंडांत प्रा. के. टी. शहांची सत्तांच्या पूर्ण विभाजनाची सुधारणा शोधा. ती फेटाळली गेली, पण त्यांचं भाषण आणि त्यावरचं आंबेडकरांचं उत्तर दोन्ही वाचा. मंत्री विधिमंडळातच बसतात अशी पद्धत आपण का धरली, मॅडिसनचा मार्ग का नाही, याची चर्चा तिथे तुम्हाला दोन्ही बाजूंनी मिळेल.